कमलबाईंचं माप

लातूरच्या होस्टेलात नाव घालायला गेले, तेव्हा कमलबाईंनी माझं आधारकार्ड बघितलं नाही की डिपॉझिटचा विषय काढला नाही. मला दारातच उभं केलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि म्हणाल्या, "दोन्ही हात वर कर."

मी केले. माझ्या शेजारी पत्र्याची पेटी घेऊन उभ्या असलेल्या बापूंनीही पेटी खाली ठेवून केले. माझे वडील बिलोलीकडचे शेतकरी. टेबलामागच्या माणसानं काही सांगितलं की आधी करून मोकळं व्हायचं, कारण नंतर विचारायचं, अशी त्यांची रीत.

"तुमी न्हाई हो बापू," बाई म्हणाल्या. मग माझ्याभोवती एक चक्कर मारून त्यांनी निकाल दिला. "मागचा पट्टा वर चढून राहिला. माप चुकलंय पोरीचं. खोली मिळंल, पण आधी गंजगोलाईत जाऊन येऊ."

कसला पट्टा आणि कसलं माप, हे बापूंच्या ध्यानात आलं नाही, हे माझं नशीब. त्यांना वाटलं होस्टेलला गणवेश असेल. "चांगलं कापड घ्या," म्हणून त्यांनी पाचशेची नोट काढून दिली आणि दुपारच्या गाडीनं परत गेले.

जाताना मात्र त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. मी सव्वीस वर्षांची, बी.एड. झालेली, तीन सरकारी भरत्यांत नापास. इस्लापूरकडचं एक स्थळ घरी येऊन बसलं होतं आणि त्या लोकांना नोकरी करणारी सून नको होती. "ही एक परीक्षा दे," बापू म्हणाले. "न्हाई झालं तर घरी ये. मंग मी त्यांना किती दिवस थांबा म्हणू?" ते रागावून म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

कमलबाई सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर. नवरा वीस वर्षांपूर्वी वारलेला, मूलबाळ नाही. खाली स्वतः राहायच्या आणि वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या आम्ही बाराजणी. सगळ्या बाविशी ते तिशीतल्या, त्यांतल्या दोघी तर लग्न झालेल्या. सकाळी बाईंची बुद्धवंदना झाली की चहा, चहा झाला की अभ्यास. उभी हयात वॉर्डात गेल्यामुळे शरीराच्या कुठल्याही भागाचं नाव घेताना त्यांचा आवाज खाली येत नसे. दूधवाला दारात असताना जिन्यातून हाक यायची, "अगं ती तुझी काळी ब्रा उन्हात घाल, टॉवेलखाली कामून दडवलीस? चोरीची हाय का?" बिचारा दूधवाला माप टाकून निघून जायचा.

त्यांचा सिद्धांत साधा होता. "पोरी नापास कामून होतात? डोकं कमी म्हणून न्हाई. बारा बारा तास चुकीच्या ब्रात बसून राहतात म्हणून. खांदे दुखतात, मान धरती, दम कोंडतो, अन् म्हणतात, बाई, गणित येईना." या सिद्धांताला आम्ही पाठीमागं खूप हसायचो. पण बारावीपासून मी डोळे झाकून छत्तीस नंबर घेत आले होते आणि रोज संध्याकाळी माझं डोकं ठणकायचं, हेही खरं होतं. खांद्यांवर दोन लाल वळ कायमचे. मी ते अभ्यासाच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

गंजगोलाईच्या बाजारातल्या ज्या दुकानात बाई मला घेऊन गेल्या, तिथले शेटजी बाईंना बघितल्या बघितल्या पाणी प्यायचे. त्यांचं वर्षानुवर्षांचं शास्त्र असं की बाया दोनच मापांच्या असतात, चौतीस आणि छत्तीस; बाकीचा माल पुण्याला. गिऱ्हाईक दारात दिसलं की एक डोळा बारीक करून ते आकडा सांगायचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं पुढे करायचे. बाईंनी पहिल्याच भेटीत त्यांना विचारलं होतं म्हणे, "शेट, तुमच्या पायात सात नंबरची चप्पल हाय. म्हणून समद्या लातूरनं सातच घालावी का?" तेव्हापासून बाई आल्या की शेटजी बाहेर स्टुलावर बसत आणि गल्ल्यावर त्यांची सून येई.

आत खोक्यांच्या गोदामाला पडदा लावलेला होता. बाईंनी पर्समधून टेप काढली. आधी छातीच्या खाली, बरगड्यांवर, मागून टेप सरळ आहे ना हे बघत. मग भरल्या भागावर, सैल हातानं. मनातल्या मनात हिशोब केला आणि पडद्याबाहेर तोंड काढून सुनेला म्हणाल्या, "बत्तीस डी दे. तारेची."

मी आत मेल्याहून मेल्यासारखी झाले. डी. आमच्याकडे डी म्हटलं की सिनेमातल्या बाया.

"डी म्हंजे नापास न्हाई गं," बाई म्हणाल्या. "पट्टा तुझा बारीक अन् कप मोठा. तू उलटं घालून राहिलीस, पट्टा ढिला अन् कप लहान. समदं वजन खांद्यावर. वजन कुणी उचलायचं? पट्ट्यानं. पट्टा म्हंजे जावई न्हाई, त्यानं काम केलंच पाहिजे."

मग घालायची पद्धत. पुढं वाकायचं, हातानं बाजूचं सगळं कपात घ्यायचं, मग सरळ व्हायचं. नवीन आहे तोवर शेवटच्या, सगळ्यात ढिल्या हुकात अडकवायची. पट्टा पुढं सैल पडत जातो, तेव्हा आतले हुक कामाला येतात. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत, तिसरं नको. आणि तार. तारेच्या बाबतीत बाई दवाखान्यातल्या बाई व्हायच्या. ती बरगडीवर टेकली पाहिजे, मांसावर नाही. काखेकडचं टोक हाडाशी थांबलं पाहिजे आणि मधला जोड छातीच्या हाडाला चिकटला पाहिजे, तरंगायला नको. तारेची खोळ दुहेरी शिलाईची हवी. एकेरी शिलाईतून तार सहा महिन्यांत बाहेर येऊन टोचते. "तार बसली का?" हा त्यांचा परवलीचा प्रश्न. पुढं पुढं त्या जेवणानंतरसुद्धा तो आम्हाला विचारायच्या, तेव्हा त्यांना नेमकं काय म्हणायचंय ते आम्ही आमच्या सोयीनं घ्यायचो.

उभं राहून बरी वाटली म्हणजे संपलं नाही. बाई म्हणायच्या, परीक्षा काय उभं राहून देणार हाय का? गोदामात मांडी घालून बसायचं आणि पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचायचा, शेवटपर्यंत. बसल्यावर पोट-बरगडी पसरते, तार कुठं रुतते ते तेव्हाच कळतं. अग्रलेख संपला की पडद्याबाहेरून सामान्य ज्ञान. "महाराष्ट्रातली सगळ्यात लांब नदी?" "गोदावरी." "नांदेडला तिच्या काठी बसून सांगितल्यासारखं सांग, धावत आल्यासारखं न्हाई. पट्टा घट्ट होतोय. दुसरी दे गं सूनबाई." उत्तर चुकलं तरी त्यांना चाले, दम लागलेला चालत नसे. माझ्या त्या बत्तीस डीपायी मी पाच अग्रलेख वाचले. पाचवी ब्रा बसली तेव्हा देशाच्या अर्थव्यवस्थेबद्दल मला बरंच कळलेलं होतं.

हसू येतं, पण आठ दिवसांत माझं डोकं दुखायचं थांबलं. मी पाच पाच तास हलत नसे. चांगल्या बसलेल्या तारेची खूणच ही, की ती अंगावर आहे याचा विसर पडतो. आणि आमचा घात नेमका या विसरण्यानंच व्हायचा होता.

परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. मी एकटीच त्या केंद्रावर, तरी बाई सोबत निघाल्या. "मला नांदेडला काम हाय," म्हणाल्या. काय काम ते सांगितलं नाही. पहाटेच्या एसटीत चाकूर येईपर्यंत त्यांनी माझ्या अंगावरून धातू उतरवायला सुरुवात केली होती. हॉलतिकिटावर स्पष्ट लिहिलेलं, धातूची वस्तू नको. बांगड्या, कानातलं, केसांच्या पिना, पंजाबी ड्रेसची सेफ्टी पिन, सगळं एका रुमालात. ओढणीही केंद्रावर काढून ठेवायची होती. "आता तू निस्ती हाडामांसाची," त्या समाधानानं म्हणाल्या.

गेटवरच्या बाईंनी यंत्र फिरवलं आणि ते माझ्या छातीशी वाजलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा वाजलं. शेजारच्या रांगेतली पोरं बघायला लागली.

"तारेची हाय का?" त्या हळूच म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. "काढून या ताई. वाजलं तर मला सोडता येत न्हाई. वीस मिनिटांनी गेट बंद होतंय."

माझ्या अंगात पातळ सुती कुर्ता. ओढणी नाही. आत पोरांच्या शेजारी दोन तास बसायचं. मी रस्ता ओलांडून कमलबाईंकडे गेले आणि म्हणाले, "बाई, मी घरी जाते."

काय झालं ते ऐकल्यावर बाईंचा चेहरा पांढरा पडला. इतक्या पिना काढल्या, पण तार त्यांना आठवली नव्हती. मला तरी कुठं आठवली होती. त्यांनी माझा दंड धरला आणि समोरच्या घरात शिरून तिथल्या अनोळखी बाईला म्हणाल्या, "माय, न्हाणी दाखव. अन् कात्री दे."

न्हाणीत मी ब्रा काढून दिली. बाहेर ती बाई "कात्री हितंच व्हती" म्हणत सगळी भांडी खालीवर करत होती. तार बाहेर काढायला बाईंनी दातांनी शिवण तोडायला घेतली. शिलाई दुहेरी. त्यांनीच निवडलेली. एक टाका सुटेना. "माझ्यामुळं झालं," एवढंच त्या पुटपुटल्या. मग पाठमोऱ्या झाल्या, पदर दातांत धरला, ब्लाउज काढला आणि आतलं काढून मागं हात करून माझ्या हातात दिलं. "हे घाल."

मला एका क्षणात सगळं दिसलं, कारण बघायला त्यांनीच शिकवलं होतं. सुती, धुऊन धुऊन राखाडी झालेली. तार नाही. पट्टा इतका सैल की दोन बोटं काय, अख्खी वही गेली असती. मागचे हुक कधीकाळी तुटलेले आणि त्या जागी दोन कापडी नाड्या शिवलेल्या. आमच्यातल्या कुणी असलं घातलं असतं तर बाईंनी तिला जेवू दिलं नसतं.

मी नाड्या करकचून बांधल्या आणि पळाले. यंत्र वाजलं नाही. वाजायला त्यात काही नव्हतंच.

त्या परीक्षेत माझी निवड झाली. आज मी चाकूरला एका सरकारी कचेरीत कारकून आहे आणि इस्लापूरच्या लोकांना बापूंनी स्वतःच नाही म्हणून कळवलं. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी पेपर सुटल्यावर मी बाहेर आले, तर उन्हाच्या तडाख्यात बाई लिंबाखाली पदर अंगाभोवती दोनदा गुंडाळून बसल्या होत्या. घामानं निथळत होत्या.

"कसा गेला?"

"बरा गेला." मग मला राहवलं नाही. "बाई, तुमचा नंबर काय आहे?"

"म्हातारीला कसला नंबर."

"सांगा ना."

त्या माझ्याकडे बघेनात. रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत म्हणाल्या, "ठाऊक न्हाई. टेप पाठीवर सरळ धराया दुसरं मानूस लागतंय. एकट्यानं घेतली की खाली घसरती. ते गेल्यापासून कुणाला म्हणावं, जरा मागून धर?"

"आम्ही बाराजणी होतो की."

"तुमचा अभ्यास व्हता," त्या म्हणाल्या.

मला लाज वाटली. सहा महिने आम्ही त्यांच्या पाठीमागं हसलो होतो आणि त्यांच्या पाठीकडे एकदाही बघितलं नव्हतं. मी त्यांना उठवलं आणि रिक्षात घातलं. नांदेडचं काम आहे म्हणाला होतात, आधी ते करायचं का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "काम कसलं आलंय. तुला एकटीला कसं सोडायचं?"

बाजारातल्या एका दुकानात पडद्यामागं आम्ही दोघी उभ्या राहिलो. मी बाईंच्या पर्समधली टेप त्यांच्या पाठीमागून घेतली आणि बरगड्यांवर आणली. बाई सरळ ताठ उभ्या. मी काही चुकीचं करतेय का हे त्या सांगतील म्हणून थांबले. पाठीचं कातडं सैल आणि मऊ होतं, आजीसारखं. मी टेप सरळ केली.

"अडतीस," मी म्हणाले.

"परत घे."

मी परत घेतलं. अडतीसच आलं. तसं सांगितलं.

"अजून एकदा बघ," बाई हळूच म्हणाल्या. आकड्याबद्दल त्यांना शंका नव्हती, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी डोळे मिटले होते. मी टेप सोडली, तळहात त्यांच्या पाठीवर तसाच ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून, अगदी सावकाश, माप घ्यायला लागले.