एका कार्डावर दोन स्वावलंबी

शिवरामपंत दाबक्यांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा एकोणीसशे शहाऐंशीचे गणपती तोंडावर होते. आता पुढच्या गणपतीची वर्गणी मागायला पोरं दारात येऊन गेली, तरी ते पत्र शब्दकोशात ‘स’च्या पानांत तसंच पडून होतं.

पत्र ‘सुखसांज स्वावलंबी वृद्धनिवास’ या संस्थेचं होतं. खोली क्रमांक चौदा, नेरूळ. पूर्वेला खिडकी, भिंतीत तीन फळ्यांचं कपाट आणि स्वतःचा चहा स्वतः करण्याची मुभा. शिवरामपंतांना जगाकडून एवढंच हवं होतं. मुलाच्या वाशीच्या घरात त्यांची पुस्तकं चार खोक्यांत, गॅलरीत, जुन्या कुलरखाली दबलेली होती. त्यातलं एखादं ओढून काढून ते बसले, की आतून हाक यायची, “अप्पा, बसलाच आहात ना? मग तेवढं...” हे ‘तेवढं’ म्हणजे कधी दूध, कधी दळण, कधी विजेच्या बिलाची रांग. निवृत्तीनंतरची तेरा वर्षं ‘तेवढं’ करण्यात गेली होती.

अडचण होती एका प्रश्नाची. संस्थेने विचारलं होतं : ‘अर्जदार परावलंबी नाही असे नाही, हे खरे नाही काय? होय / नाही. (लागू नसेल ते खोडावे.)’

शिवरामपंत सरकारी छापखान्यात बत्तीस वर्षं मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता आपलंही एखादं वाक्य बरोबर असेल, हा विश्वासच त्यांच्यात उरला नव्हता. ‘होय’ खोडावं, तर सोमवारी वाटे आपण स्वावलंबी ठरतो. गुरुवारी तेच वाचलं की परावलंबी. आणि प्रश्न सुटलाच एखाद्या दिवशी, तर त्याच्या मागून दुसरी शंका डोकं वर काढी : पण आपण खरंच आहोत का स्वावलंबी?

अखेर संस्थेचं स्मरणपत्र आलं. आठ दिवसांत उत्तर न आल्यास खोली दुसऱ्यास देण्यात येईल. शिवरामपंतांनी कोट चढवला आणि ते वाशीच्या बाजाराजवळ, कांद्याच्या वखारीवर असलेल्या संस्थेच्या कचेरीत गेले. व्यवस्थापकांचं नाव धर्मराज होतं. म्हाताऱ्यांच्या अर्जांवर सही करणाऱ्याचं नाव धर्मराज असावं, याबद्दल शिवरामपंतांनी मनात काही म्हटलं, पण चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

“एकटेच आलात?” धर्मराजांनी विचारलं.

“हो.”

“पालक?”

“मी एकाहत्तर वर्षांचा आहे.”

“वय नाय विचारलं काका, पालक विचारला. स्वावलंबनाचा दाखला कोण देणार? तुमचा तुम्ही? मग उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, मी स्वावलंबी.”

“मग कोणी द्यायचा?”

“ज्याच्यावर तुम्ही अवलंबून आहात, त्यानं. तुम्ही त्याच्यावर अवलंबून नाही, हे त्यालाच माहीत असणार ना?”

शिवरामपंतांना हे पटलं. समोरच्याचं म्हणणं त्यांना नेहमीच आधी पटत असे. त्यांनी नम्रपणे रेशनकार्ड पुढे केलं. धर्मराजांनी ते उघडलं आणि त्यांच्या भुवया टकलापर्यंत गेल्या.

“कुटुंबप्रमुख शिवराम केशव दाबके. म्हणजे तुम्हीच! मुलगा आणि सून तुमच्यावर अवलंबून. आता फांदीला लोंबकळणाऱ्यानं फांदीला दाखला द्यायचा काय?”

“पण सुधीर तुर्भ्याच्या कारखान्यात मोठा अधिकारी आहे.”

“असेल. कार्डावर तो तुमचा मुलगा आहे. आधी त्याला स्वावलंबी करा. आमच्या बाई तपासायला येतील.”

घरी हे ऐकून सुधीरचा आवाज चढला. “माझी परीक्षा? माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत!”

“तेच तर,” त्याची बायको वैजयंती म्हणाली. ती बँकेतून नुकतीच आली होती. “हाताखाली आहेत. हातात काय आहे तुझ्या?”

रविवारी चांगुणाबाई आल्या. मूळच्या नेरूळजवळच्याच कोळीवाड्यातल्या, साठीच्या, कमरेला चाव्यांचा जुडगा. वृद्धनिवासाची सगळी देखरेख त्यांच्याकडे होती. त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या.

“पानी कंचे टायमाला येतंय?”

सुधीरने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. “म्हणजे... असतंच की.”

“असतंच कसा? नलान काय झरा हाय? कोन भरतंय?”

“अप्पा.”

“दुधाचा कार्ड कुठं हाय?”

“अप्पांच्या... कुठल्या तरी खिशात.”

“बरा. चाय कर.”

सुधीरने सात डबे उघडले. साबुदाण्याशी त्याची पहिल्यांदाच ओळख झाली. आठव्या डब्याशी तो थांबला आणि सवयीनं ओरडला, “अप्पा, तेवढी चहापूड कुठेय?” वैजयंतीला स्वयंपाक उत्तम येत होता; पण गव्हाचं पीठ होऊन घरी कसं येतं, हा धडा तिच्या अभ्यासक्रमात नव्हता.

चांगुणाबाईंनी सांगितलं, धर्मराजांनी लिहून पाठवलं : ‘अर्जदार उत्तीर्ण. मुलगा अनुत्तीर्ण. सुनेस एटीकेटी. फेरपरीक्षा एका महिन्याने.’

मग शिवरामपंतांनी वर्ग सुरू केला. पहाटे पाण्याचं प्रात्यक्षिक, त्यानंतर दूधकेंद्र, रविवारी गिरणी. पहिल्या रविवारी सुधीरने गव्हात ज्वारी दळून आणली. दुसऱ्या आठवड्यात तो गिरणीवाल्याला ‘जरा बारीक, मागच्या वेळी जाडं आलं’ असं म्हणाला, तेव्हा वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. बातमी सोसायटीत पसरली. चाळिशीतली आणखी नऊ मुलं वर्गाला बसली. त्यांच्यात दोन इंजिनिअर होते आणि एक चार्टर्ड अकाउंटंट, ज्याला रॉकेलचा डबा कुठल्या हातानं धरायचा हे दोनदा दाखवावं लागलं. इमारतीतले म्हातारे कठड्याला टेकून बघत उभे राहायचे आणि कोणी घसरलं की टाळ्या वाजवायचे.

फेरपरीक्षेत सुधीर पहिल्या श्रेणीत आला. चांगुणाबाईंनी त्याचा चहा बशीत ओतून शेवटपर्यंत प्यायला. कार्डावर आता कुटुंबप्रमुख म्हणून त्याचं नाव चढलं. त्यानं दाखल्यावर झोकात सही ठोकली आणि शिवरामपंत तो घेऊन कचेरीत गेले.

“अभिनंदन!” धर्मराज म्हणाले. “मुलगा स्वावलंबी झाला. आता तुमचा अर्ज नामंजूर.”

“का?”

“कार्डावर प्रमुख तो. त्याच्याखाली तुमचं नाव. म्हणजे तुम्ही परावलंबी. परावलंबी माणसाला आम्ही घेत नाही.”

“पण मी पास झालो होतो!”

“तेव्हा तुम्ही प्रमुख होता, म्हणून अडलं होतं. आता नाही, म्हणून अडलंय. एका कार्डावर दोन स्वावलंबी बसत नाहीत, काका.”

शिवरामपंतांनी आयुष्यात प्रथमच उलट प्रश्न केला. “मग आजवर राहायला किती जण आले?”

“एकही नाही,” धर्मराज अभिमानाने म्हणाले. “म्हणून तर इमारत इतकी स्वच्छ आहे.”

शिवरामपंत जिना उतरू लागले. तीन फळ्यांचं कपाट त्यांच्या डोळ्यांसमोरून कोणीतरी उचलून नेत होतं. खाली वखारीच्या दारात चांगुणाबाई कांदे निवडत होत्या. त्यांनी एकदा शिवरामपंतांच्या तोंडाकडे बघितलं आणि जुडग्यातली एक चावी सोडवली.

“ही चौदाची. कागद त्याचे चालीनं येल. तुमी तुमचे पायानं जावा.”

“पण नियम?”

“रिकामे खोलीला वालवी लागते. ती काय नियम वाचून येतंय?”

“आणि धर्मराज?”

“तो कवा येतंय तिकडं? तिकडचा जिना चढून त्याचे पाय दुखतान.”

शिवरामपंत दोन दिवस चावी खिशात घेऊन हिंडले. तिसऱ्या दिवशी चांगुणाबाईंनीच कांदे उतरवून परतणारा एक टेम्पो त्यांच्या दारात उभा केला. सुधीरने खोकी उतरवली, खाली आल्यावर तो म्हणाला, “अप्पा, तिथे तुम्हाला दूध कोण आणून देणार?” मग त्यानं स्वतःचाच खिसा चाचपला; दुधाचं कार्ड आता तिथं होतं.

चौदा नंबरच्या खोलीत पहिल्या सकाळी शिवरामपंतांनी चहा केला. थोडा कडू झाला. तो पिताना ‘तेवढं’ म्हणत कोणीच हाक मारली नाही, तेव्हा त्यांना क्षणभर आपण मेलो की काय असं वाटलं. तसं नाही याची खात्री झाल्यावर त्यांनी पुस्तकं लावली. शब्दकोशातून पत्र खाली पडलं. ते उचलून, लाल पेन्सिल घेऊन ते उत्तर लिहायला बसले :

‘महोदय, आपला प्रश्न तपासला. त्यात तीन नाही जास्त आहेत, ते काढून परत पाठवत आहे. उरलेल्या प्रश्नाचे उत्तर : कधी कधी, सर्वांप्रमाणेच.

‘आता एक प्रश्न माझा. हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांनी, कोणालाही न विचारता, आपल्या घरी पाणी किती वाजता येते ते कळवावे. सांगता येत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्याला हाक मारून पाहावी. ओ आली नाही तर घाबरू नये. तो बहुधा खोली क्रमांक पंधरामध्ये आला आहे आणि त्याचे बरे चालले आहे.’

तिकीट नीट चिकटलं आहे का, हे त्यांनी चार वेळा पाहिलं. मग नाक्यावरच्या पेटीत पाकीट सोडलं आणि ते आत पडलं की नाही, हे बघायला वाकले नाहीत.