अर्लनच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

अर्लन टॉफ्टेची पिकअप डिसेंबरात पेट्रोल प्यायला लागली. जानेवारीत त्याच्या मुलानं, क्रेगनं, दूर फार्गोला बसून निदान करून टाकलं की बिघाड गाडीत नाही, बाबांच्या डोक्यात आहे.

"बाबा, टाकी परवा फुल केली होती ना?" क्रेगनं फोनवर विचारलं.

"केली होती."

"मग कुठे कुठे गेलात?"

"पोस्टात गेलो. बस्स."

"पोस्टात जाऊन अर्धी टाकी संपते? तुम्ही कुठेतरी भटकून येता आणि विसरता. आईचंही असंच सुरू झालं होतं."

आता हे बोलणं पोटच्या पोरानं करावं का? पण केलं खरं. क्रेगची आई, आर्डिस, सत्तर मैलांवर मायनॉटच्या वृद्धाश्रमात होती. अर्लन दर रविवारी तिच्याकडे जायचा. ती त्याला कधी ओळखायची, बऱ्याचदा प्लंबर समजायची. पण प्लंबर समजली तरी त्याचा हात धरून बसायची. आमच्या गावातून मायनॉटला बस नाही. म्हणजे गाडी गेली की आर्डिस गेली, इतका साधा हिशोब होता.

अर्लननं तक्रार गावातल्या कॅफेत नेली. इथे हिवाळ्यात उणे तीस असतं, कामधंदा काही नसतो, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचं निदान करायला सगळे टपलेलेच असतात.

"टायरमधली हवा उतरली असणार," ग्लेन म्हणाला. अर्लननं हवा भरली. फरक शून्य.

"इंजिन तापतच नसेल. पुढच्या जाळीला पुठ्ठा लाव, गार वारा अडेल," दुसरा कुणी म्हणाला. लावला. तरी पेट्रोल जायचं ते जातच राहिलं.

"मागे वाळूची पोती ठेवलीयस ना? केवढं ओझं ते. काढून टाक," मिल्टन म्हणाला.

ती पोती गाडी बर्फावरून घसरू नये म्हणून असतात, हे मिल्टनला जन्मापासून ठाऊक. पण सल्ला द्यायची लहर आली की माणूस जन्माचं विसरतो. अर्लननं पोती काढली आणि रविवारी चर्चच्या वळणावर गाडी सरळ चरात घातली. सगळी प्रार्थनासभा बाहेर येऊन बघत उभी राहिली. ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली, पण मायनॉटला जायची वेळ टळून गेली होती. त्या रविवारी आर्डिसचा हात कुणी धरला नाही. संध्याकाळच्या आत बातमी क्रेगकडे पोचली.

"शनिवारी येतोय," क्रेग म्हणाला. "पेट्रोल कुठे जातं ते मला पटेल असं सांगा, नाहीतर किल्ली द्या."

अर्लनचा रोजचा नेम होता. दुपारी जेवायचं, कानातली यंत्रं काढून बशीत ठेवायची आणि झोपायचं. मग छत कोसळलं तरी त्याला कळलं नसतं. पण त्या गुरुवारी काळजीनं झोप लागेना. तो उठून खिडकीशी गेला. अंगणातल्या पिकअपच्या बॉनेटवर शेजारच्या व्हर्नाचं मांजर पाय ताणून झोपलं होतं. उणे तीसमध्ये थंड लोखंडावर कुठलं मांजर झोपेल?

त्यानं नीट पाहिलं. गाडी चालू होती. आत हीटर लावून, डोक्यावरची टोपी काढून, खुद्द व्हर्ना विणत बसली होती.

किल्ली गाडीतच असायची. आमच्या गावात सगळ्यांच्याच किल्ल्या गाडीत असतात. व्हर्नाच्या छपरावरच्या धुराड्यातून मात्र धूर नव्हता. आता अर्लनला आठवलं की नाताळपासून तो दिसलाच नव्हता. तिची घर तापवायची भट्टी बंद पडली होती, आणि नवरा गेल्यापासून व्हर्ना कुणाकडे चिमूटभर मीठ मागायलाही गेली नव्हती. चोरी करताना सापडलेला माणूस आमच्याकडे पुन्हा तोंड दाखवू शकतो. नड असताना सापडलेल्याला गाव सोडावंसं वाटतं. अर्लन पाय न वाजवता पलंगावर परत गेला आणि उघड्या डोळ्यांनी पडून राहिला. त्याला तिची दया आली, आणि रागही आला.

शनिवारी क्रेग आला. नेमकी तेव्हाच व्हर्ना बटाट्याच्या पोळ्या घेऊन आली होती. मागे वळायला तिला वेळ मिळाला नाही.

"काय मग, बाबा? पेट्रोल कुठे जातं?"

अर्लननं टेबलाकडे पाहिलं. व्हर्ना पोळ्यांची बशी तिथे ठेवून दाराकडे सरकत होती.

"मीच," तो म्हणाला. "गरम करायला म्हणून चालू करतो आणि बंद करायचं विसरतो."

क्रेगनं हात पुढे केला. अर्लननं सकाळीच गाडीतून आणलेली किल्ली दिली. देताना त्याची बोटं लवकर सुटेनात.

"आता आईकडे कसे जाणार?" क्रेगचा आवाजही जरा खाली आला होता.

"मी नेईन," व्हर्ना म्हणाली. "माझं लायसन आहे. किल्ली माझ्याकडे दे."

दुसऱ्या दिवशी व्हर्ना चालवायला आणि अर्लन शेजारी, अशी वरात मायनॉटला निघाली. हीटर पूर्ण सोडलेला.

आश्रमात अर्लन कॉफी आणायला गेला. परत आला तर व्हर्ना आर्डिसच्या कानाशी लागून काहीतरी सांगत डोळे पुसत होती. तिला वाटलं असणार, हिला सांगितलं काय आणि भिंतीला सांगितलं काय.

आर्डिसनं अर्लनचा हात धरला.

"बरं झालं तुम्ही आलात," ती म्हणाली. "या बाईंची भट्टी बंद पडलीय. थंडीची दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसते बिचारी. लाजते सांगायला. तुम्ही प्लंबर लोक, एकदा जाऊन बघा."

व्हर्ना जमिनीकडे बघत राहिली. अर्लननं कॉफी खाली ठेवली.

"बघतो, बाई," तो म्हणाला. "उद्या सकाळीच जातो."

"आणि पैसे घेऊ नका हं. माझा नवरा देईल. फार भला माणूस आहे."

"ऐकून आहे," अर्लन म्हणाला.

येताना बराच रस्ता मागे पडल्यावर व्हर्ना समोर बघतच बोलली.

"उद्या मागच्या दारानं ये. पुढचं गोठलंय."