विसाव्या मॅनेजरचा खिळा

"लिही," सिरिल वॉडिंग्टन खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत म्हणाला. "उत्तर इंग्लंडातली सर्वांत तल्लख बुद्धी. नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं, स्मरणशक्ती हत्तीची..."

"पेपरवाल्याने तीनच ओळी दिल्यात, भाऊजी," मॅव्हिस टाइपरायटरला हात न लावता म्हणाली. "एवढी जनावरं मावायची नाहीत."

"मग हत्ती काढ. लठ्ठ वाटतो."

या तल्लख बुद्धीने आधीची सगळी वर्षं क्लॅगथॉर्पच्या बसमध्ये तिकिटं तपासली होती. गुप्तहेर झाल्यापासून तिने तीन प्रकरणं निकालात काढली. पहिल्या दोन प्रकरणांतली मांजरं आपली आपण घरी आली. तिसऱ्यात हरवलेला नवरा सापडला, पण तो दुसऱ्याच बाईचा निघाला, आणि त्या बाईला तो नकोच होता.

मॅव्हिस बूथरॉइड ही सिरिलची मेव्हणी. चांगली सूतगिरणीच्या कचेरीत होती. पण थोरल्या बहिणीने, हिल्डाने, तिच्यापुढे हात जोडले. "तू त्यांच्या ऑफिसात बस गं. हा माणूस दिवसभर घरात राहिला तर माझ्या हातून खून होईल. तपास त्यांच्याकडे गेला तर मी सुटेन म्हणा, पण खून कोणाचा झालेला असेल ते बघ!" म्हणून मॅव्हिस आली होती.

ऑफिस म्हणजे चपलाबुटांच्या दुकानावरची एक खोली. तिच्यात टेबल एक, खुर्च्या दोन आणि एक अगडबंब शिसवी हॅट-स्टँड. सांबराची शिंगं फुटावीत तसे त्याला चहूबाजूंनी आकडे होते, आणि त्याला वळसा घातल्याशिवाय कोणालाही दारापर्यंत जाता येत नसे. फुटबॉल क्लबच्या नाताळच्या सोडतीत तो लागला होता. तिकीट मॅव्हिसचं होतं, पण सिरिलच्या मते ते घेण्याची बुद्धी तिला त्याच्या सहवासानेच झाली होती.

जाहिरात घारीपाशी अडली असतानाच दारात एक भलाथोरला माणूस येऊन उभा राहिला. नाक दोन ठिकाणी मोडलेलं, खांदे दाराएवढे. क्लॅगथॉर्प टाउनचा मॅनेजर लेन हार्डकॅसल. तो हॅट-स्टँडला वळसा घालून आला आणि खुर्चीत कोसळला.

"खिळा मारलाय हो," तो म्हणाला.

"कोणाला?" सिरिलने आनंदाने विचारलं.

"भिंतीला."

सिरिलचा चेहरा पडला. मॅव्हिसचा मात्र गंभीर झाला. ती गावचीच, तिला ती भिंत ठाऊक होती. क्लबच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर आजवरच्या सगळ्या मॅनेजरांचे फोटो ओळीने लावलेले होते. फोटो लागायचा तो मॅनेजर गेल्यावर, म्हणजे त्याला घालवल्यावर. हार घालायची पद्धत तिकडे नाही, एवढाच काय तो फरक. आणि आता एकोणिसाव्या फोटोच्या शेजारी कोणीतरी नवाकोरा खिळा ठोकून ठेवला होता.

"विसावा मी आहे," लेन म्हणाला.

"पण अजून तर तुम्हाला काढलं नाही ना?" मॅव्हिस म्हणाली.

"म्हणून तर आलो. कोणी मारला, का मारला, मला कळायला हवं. नोकरीचं काही नाही हो मॅव्हिसबाई, आजवर सहा क्लबांनी हाकललंय, कातडी निबर झालीय. पण नोराने रुबार्ब लावलाय."

आता सगळा उलगडा झाला. रुबार्ब म्हणजे अंबाडीला लाजवील अशा आंबट लाल देठांचं झाड. लावल्यावर पहिली दोन वर्षं त्याला हात लावायचा नाही, नाहीतर ते जीव सोडतं. नोरा हार्डकॅसलने सहा गावांत, सहा घरांच्या परसात रुबार्ब लावला होता. सहाही वेळा तो तोडायला येण्याआधी नवऱ्याची उचलबांगडी झाली, आणि तो खाल्ला नव्या मॅनेजरच्या बायकोने. सातव्या घरी आल्यावर नोरा बियाण्याची पाकिटं उघडायलाच तयार नव्हती. "या वेळी राहू," असं लेनने तिला शब्द देऊन सांगितलं होतं. तेव्हा कुठे तिने फावडं हातात घेतलं.

"आणखी किती राहिलंय?" मॅव्हिसने विचारलं.

"पुढच्या वसंतात तोडता येईल," लेन म्हणाला, आणि ते मोडकं नाक त्याने जोरात शिंकरलं. मॅव्हिसला त्याचं फार वाईट वाटलं.

बैठकीच्या खोलीत शिरल्याबरोबर सिरिलने डोक्यावरची हॅट काढली, इकडेतिकडे पाहिलं, आणि ती समोरच्या खिळ्यावर अडकवली. मग भिंग काढून विचारलं, "हं, कुठे आहे तो खिळा?"

"तुमच्या हॅटखाली," मॅव्हिस म्हणाली.

"मला ठाऊक होतं. तू बघतेस का, हे बघत होतो."

एकोणीस माजी मॅनेजर वरून सगळं पाहत होते. पहिला मिशाळ गृहस्थ वीस वर्षं टिकला, कारण त्याला नेमल्याचंच मंडळी विसरली होती. चौथ्याला सामन्याच्या मध्यंतरात काढलं. तो संत्र्याची फोड तोंडात तशीच ठेवून निघून गेला. सातव्याला त्याचा भाऊ समजून नेमलं होतं आणि चूक कळेपर्यंत तो करंडक जिंकून बसला. मग चूक सुधारण्यात आली. बारावा आणि पंधरावा एकच माणूस, वॉल्टर स्प्रॉट. त्याला दोनदा नेमून दोनदा काढलं. दुसऱ्या फोटोत तो पहिल्याइतका चकित दिसत नव्हता. एकोणिसाव्या फोटोनंतर हातभर भिंत उरली होती, आणि तिच्यापुढे पुरुषांच्या मुतारीचं दार.

सिरिलने हॅट न काढता, तिच्याखाली डोकं घालून खिळ्याचा वास घेतला. तो ताठ झाला.

"व्हिनेगर! खिळा ठोकणाऱ्याच्या हाताला व्हिनेगर होतं. या गावात व्हिनेगरमध्ये हात घालून कोण बसतं? तळलेल्या माशांचा दुकानदार! आणि तळलेल्या माशांचं दुकान कोणाचं? वॉल्टर स्प्रॉटचं! त्याला तिसऱ्यांदा मॅनेजर व्हायचंय!"

"भाऊजी, येताना तुम्ही त्याच्याच दुकानातले चिप्स व्हिनेगर ओतून खाल्लेत. बोटं पुसली नाहीत."

"तपासाचा पहिला नियम, मॅव्हिस. पुराव्यावर संशय घ्यायचा नसतो."

वॉल्टर स्प्रॉट कढईपुढे उभा होता. सिरिलने दुकानातल्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला विचारलं, "लेन हार्डकॅसल जाणार, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"आँ? लेन जाणार?" वॉल्टर म्हणाला.

"लेन जाणार?" रांगेतल्या पहिल्या बाईने दुसरीला विचारलं.

"लेन चालला," दुसरीने तिसऱ्याला सांगितलं. रांगेच्या शेपटापर्यंत जाईतो लेन गेलेला होता, आणि त्याच्या जागी कोण येणार यावर दोघांत हमरीतुमरी चालू होती.

"आणि तुम्हाला त्याची खुर्ची हवीय!" सिरिलने बोट रोखलं.

वॉल्टरने एक मासा उलटा केला. "बाबा रे, इथे माझं पीठ घट्ट झालं तर गिऱ्हाईक एकदा बोलतं. तिकडे बावीस हजार माणसं दर शनिवारी माझ्या आईवर घसरायची. आई बिचारी समोरच बसलेली असायची. मीठ घालू का?"

सिरिल डगमगला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सिद्ध केलं की खिळा डावखुऱ्या माणसाने ठोकलाय, आणि दुय्यम प्रशिक्षकाला घेरलं. तो डावखुरा होता, पण त्याचा तो हात महिनाभर प्लास्टरमध्ये होता. तिसऱ्या दिवशी त्याने सिद्ध केलं की लेननेच झोपेत उठून खिळा मारला. दर वेळी तो बैठकीच्या खोलीत जाई, हॅट खिळ्यावर अडकवी, आणि शिरा ताणून विचार करी. दर वेळी येताजाता तो कोणाला तरी काहीतरी विचारी. गुरुवारी पेपरात आलं : ‘लेनचं काय होणार?’

शुक्रवारी बॉम्ब पडला. क्लबचे अध्यक्ष हॅरोल्ड ऑग्डन, ज्यांचा ‘पाय’चा, म्हणजे डुकराचं मांस भरून भट्टीत भाजलेल्या जाड पुऱ्यांचा, कारखाना गावाला पोसतो, त्यांनी पेपरात निवेदन दिलं : "लेन हार्डकॅसल यांना माझा संपूर्ण पाठिंबा आहे."

ते वाचून मॅव्हिसने हातातला कप खाली ठेवला. या देशात अध्यक्षाने मॅनेजरला संपूर्ण पाठिंबा दिला की मॅनेजरच्या घरातली माणसं सामान बांधायला खोकी गोळा करायला लागतात.

तासाभरात ऑफिसचं दार धाडकन उघडलं. नोरा हार्डकॅसल. बुटांना चिखल, हातात फावडं.

"कोण तो वॉडिंग्टन?"

"कोण विचारतंय?" सिरिल हॅट-स्टँडच्या मागून म्हणाला.

"लेन गॅरेजमध्ये खोकी भरतोय! एक खिळा शोधायला सांगितला तर तुम्ही गावभर बोंब मारत सुटलात! या वेळी रुबार्ब मुळासकट उपटून घेऊन जावा म्हणून फावडं घातलं, आणि हातच चालेना माझा." तिचा आवाज फुटला. तिने तो लगेच सावरला. "मला एवढं सांगा. ऑग्डनना कोणी विचारलं का?"

"बाईसाहेब, तपासाचा पहिला नियम. मुख्य संशयिताला कधीही—"

"विचारलं की नाही?"

"नाही," मॅव्हिस म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. चार दिवस ती या उंटावरच्या शहाण्यामागे टिपणं घेत फिरली होती, आणि एवढी साधी गोष्ट तिच्याही डोक्यात आली नव्हती.

बैठकीच्या खोलीत पोचल्यावर सिरिलने सवयीप्रमाणे हॅट खिळ्यावर अडकवली. नोरा फावड्यासकट खुर्चीत बसली. तेवढ्यात ऑग्डन साहेब आले. पावसाने निथळत होते. त्यांनी डोक्यावरची चपटी टोपी काढली, कोणाकडे न बघता सरळ भिंतीपाशी गेले, हात उंचावला आणि तिथेच थांबले.

"माझ्या खिळ्यावर ही कोणाची हॅट?" ते गरजले.

नोरा फावड्यासकट उठली.

"तुमचा खिळा?" नोरा म्हणाली.

"मग कोणाचा? मीच मारला. टोपी ठेवायला जागा नको? खुर्चीवर ठेवली की खजिनदार तिच्यावर बसतो."

"तिथेच? फोटोंच्या ओळीत?"

"अहो, इतर भिंती नुसत्या पोपडे आहेत. ही एकच टणक. एकोणीस खिळे पेलतेय म्हटल्यावर विसावा पेलणारच."

"म्हणजे लेनला काढत नाही आहात?"

"काढू कशाला? आजच पेपरात सांगितलं ना, संपूर्ण पाठिंबा आहे म्हणून?"

"साहेब, असं सगळेच सांगतात. म्हणून तर त्याने खोकी आणली," मॅव्हिस म्हणाली.

ऑग्डन साहेबांनी टोपी पिळली. पाठिंबा असेल तर पाठिंबा आहे हे सांगायचं तरी कसं, ते त्यांना कळेना. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये ते वाक्य मनापासून उच्चारणारा हा पहिलाच अध्यक्ष असावा, आणि त्याच्यावर कुत्रंसुद्धा विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

"पण मला एक कोडं आहे," सिरिल डोळे बारीक करून म्हणाला. "इतकी वर्षं टोपी कुठे ठेवत होता?"

"हॅट-स्टँड होता की! शिसवी, माझ्या आजोबांच्या वेळचा. नाताळच्या सोडतीत बक्षीस ठेवलेला हॅम आदल्या दिवशी कोणीतरी खाल्ला, मग ऐन वेळी तो द्यावा लागला. कोण्या नशीबवानाला लागला देव जाणे."

मॅव्हिसने सिरिलकडे पाहिलं. सिरिलने छताकडे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळशाला वळसा घालून रोज ऑफिसात शिरणं चाललं होतं.

"मी पहिल्या दिवसापासून याच निष्कर्षाकडे येत होतो," सिरिल म्हणाला.

लेनने खोकी सोडली. सिरिलने मोठ्या मनाने मॅव्हिसचा हॅट-स्टँड क्लबला परत केला. पेपरवाल्याने फोटो काढला : मध्ये हॅट-स्टँड, शेजारी त्याला मिठी मारून सिरिल. ऑग्डन साहेबांची टोपी पुन्हा आजोबांच्या आकड्यावर गेली, आणि इथेच सगळं संपायला हवं होतं.

पण क्लॅगथॉर्प टाउन लागोपाठ तीन सामने हरलं. तिसऱ्या सामन्यानंतर मॅव्हिस विसरलेल्या छत्रीसाठी बैठकीच्या खोलीत गेली, तर ऑग्डन साहेब एकटेच हातात कप घेऊन उभे. नजर भिंतीवर खिळलेली. एकोणिसाव्या फोटोशेजारी रिकामा खिळा चकाकत होता.

"ओळ अपुरी वाटते, नाही?" ते स्वतःशीच म्हणाले. "काहीतरी राहून गेल्यासारखं."

या माणसाच्या मनात पाप नव्हतं, पण रिकामा खिळा रोज डोळ्यांसमोर असला की भल्याभल्यांना चौकटी सुचतात.

मॅव्हिस तडक पेपराच्या कचेरीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खिळ्यावर काचेच्या चौकटीत सिरिल वॉडिंग्टन विराजमान झाला होता, हॅट-स्टँडला मिठी मारून.

"ऋण फेडायची ही रीत मला आवडली," फोटो बघून सिरिल सद्गदित झाला. ऑग्डन साहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आता कसं भरल्यासारखं वाटतं."

ओळ पुरी झाली होती. आता कोणाला काढायचं तर नवा खिळा मुतारीच्या दारात मारावा लागला असता. आल्यागेल्या पाहुण्या संघांचे अध्यक्ष तो फोटो पाहून विचारत, "हा मॅनेजर कधी होता हो?"

"थोडेच दिवस," मॅव्हिस सांगे. "पण नुकसान फार केलं."

पुढच्या वसंतात नोराने रुबार्बचं सारण भरून ‘पाय’ भाजला आणि त्याच खोलीत आणला. बशा मांडल्या गेल्या. सिरिलने एक घास घेऊन आत सफरचंद असल्याचं सिद्ध केलं. लेनने मोठा घास तोंडात टाकला आणि त्याचा सगळा चेहरा मोडक्या नाकाभोवती गोळा झाला.

"आंबट आहे गं," तो म्हणाला.

"आपल्या परसातला आहे," नोरा म्हणाली. "गप खा."

डोळे पुसत त्याने आणखी वाढून घेतला.