केसाएवढ्या फटीचं भांडण

करुणाची पहिली रेस रविवारी होती आणि शुक्रवारी तिच्या गाडीचं इंजिन हर्सूलच्या गॅरेजात उलटं मांडलेलं होतं. नवरा संघपाल आणि धाकटा भाऊ राजकुमार, दोघांनी मोठ्या हौसेनं ते जुळवायला घेतलेलं. दाजी-मेव्हण्यांनी मिळून काम काढलं की घरच्या बाईनं काळजीला लागावं, हे उत्तम.

भांडण पेटलं क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगमधल्या फटीवरून. केसाहून बारीक फट; तिच्यात तेल राहतं आणि त्या तेलावर क्रँक फिरतो.

"दाजी, फट कमी ठेवा. तेलाचा दाब टिकतो," राजकुमार म्हणाला.

"अन् तापल्यावर जाम झालं मंग? रेसचं इंजिन हाय हे, शिलाई मशीन नाय. फट मोकळीच पायजे."

"मोकळीतून तेल पळून जाईल. ताई डबे वाजवत आली म्हणतील लोकं."

दुपारपर्यंत हेच. शेवटी करुणा हेल्मेट काखेत मारून गॅरेजात आली. "तुमच्या फटीपायी माझी रेस गेली, तर दोघांनाबी घरात घेणार नाय. राजूचं ऐका अन् बसवा."

बायकोपुढं बोलायची संघपालची टाप नव्हती. "बरं," म्हणाला, आणि राजकुमार जेवायला गेल्या गेल्या त्यानं मोकळी बेअरिंगं बसवून टाकली. माणूस तसा भला. इंजिनच्या बाबतीत मात्र त्याला कुणाचंच पटत नाही.

राजकुमार परतला तेव्हा दाजी तेल आणायला शहागंजात गेले होते. त्याला शंका आली. त्यानं बेअरिंगवरची लोखंडी टोपी उघडून फट मोजली, तर मोकळी. "दाजीनं गेम केला," तो पुटपुटला. प्रत्येक बेअरिंगचे दोन अर्धे भाग. एक टोपीत, दुसरा क्रँकखाली. टोप्यांतले त्यानं पटापट काढून आपले घट्ट बसवले. खालच्यांसाठी क्रँक उचलावा लागणार, तेवढ्यात दाजींची मोटारसायकल वाजली. मग काय, टोप्या आवळल्या आणि निमूट चहा ठेवला.

त्यानंतर संघपाल काही इंजिनपासून हलेना. शनिवारभर दोघं एकमेकांशी इतके गोड वागत होते, की करुणाला तेव्हाच संशय यायला हवा होता.

रविवारी तिनं गाडी सोडली आणि इंजिन असं काही गायला लागलं, की दाजी-मेव्हणे कठड्यावरच चढले. राजकुमारचा जीव टांगणीला. आता खडखडेल, मग खडखडेल. पण तेलाच्या दाबाचा काटा जागचा हलला नाही आणि करुणा सगळ्यांच्या पुढं, पहिली आली. संघपालला आनंद आवरेना. त्यानं मेव्हण्याला उचलूनच घेतलं.

"फट किती ठेवली, भाऊ?" शेजारच्या गाडीवाल्यानं विचारलं.

"मोकळी," संघपाल छाती काढून म्हणाला. "आपण कुणाचं ऐकत नसतो."

करुणानं हेल्मेट काढलं. "राजूची बसवायला सांगितली होती ना मी?"

संघपालचा चेहरा पडला. राजकुमार हळूच म्हणाला, "ताई, टोप्यांतले अर्धे माझेच हायेत. दाजी शहागंजात गेले तव्हा बदलले. खालचे त्यांचे राहिले."

संघपालनं बोटांवर हिशोब केला. "म्हंजी फट मधोमध आली की रं."

"म्हंजी तुम्ही दोघांनी मला फसवलं, वर एकमेकालाबी फसवलं, म्हणून मी जिंकले?"

करुणानं चषक बॉनेटवर ठेवला.

"पुढच्या महिन्यात परत रेस हाय. इंजिन नव्यानं बांधा. अन् खबरदार, एकमेकाला इचारून काय केलं तर."