नथ्थूजींची दोरी

नथ्थूजींकडे संत्र्याची कलमं मागितली, की ते आधी खुंटीवरची दोरी काढत. दोरीला हाताहातावर गाठी, टोकाला दगड. मागणाऱ्याच्या शेतात जायचं, विहिरीत दोरी सोडायची, ओल्या गाठी मोजायच्या. सात भिजल्या तर कलमं मिळत. कमी भिजल्या तर "पुढच्या साली ये गा" म्हणून दोरी गुंडाळत. ही मोजणीही वैशाखातच. दसऱ्याला कोणाच्याही विहिरीत पाणी असतं, असं त्यांचं म्हणणं.

नागपूरपासून वीस मैलांवरच्या आमच्या गावात तेव्हा संत्र्याचं वेड शिरलं होतं. पहिल्या चार बागा फळल्या, त्या चौघांची घरं पक्की झाली, आणि बाकीच्यांची झोप उडाली. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला, मग गाई गेल्या. शेतकऱ्यांच्या गावात चहाचं दूध नागपूरहून एस.टी.नं यायचं. मला याचा संताप येई. तरी माझ्या चार एकरांत मलाही संत्रीच हवी होती, हे लिहायला हवं.

नोकरी नागपुरात, शेती रविवारची. विहीर मी स्वतः टेपनं मोजलेली, आकडा तारखेसह वहीत. नथ्थूजींच्या दोरीच्या सहा गाठी भिजल्या, सातवी अर्धीच.

"साडेसहा झाल्या," मी म्हणालो.

"अर्ध्या गाठीवर झाड जगते काय, बापू?"

मी चिडलो. गाठींमधली अंतरं सारखी नाहीत, हे टेप लावून दाखवलं. ते त्यांनी मान्य केलं, आणि कलमं दिली नाहीत.

असं त्यांनी अर्ध्या गावाला परतवलं होतं. लोक मग बाजारातून कलमं आणत. नथ्थूजी त्या बागांतही न बोलावता शिरत आणि मालकाला झाडासमोरच झापत, "तहानलं हाये थे. तुले दिसत नाही काय गा?" दर सोमवारी मात्र ते पाण्यानं भरलेला पिपा घेऊन एस.टी.त चढत. सामानाच्या तिकिटावरून कंडक्टरशी भांडण ठरलेलं. कुठेतरी लावलेल्या कलमांना पाणी घालायला जातो म्हातारा, असं आम्ही हसत म्हणत असू.

त्या दिवशी मी तणतणत विचारलं, शेत माझं, पैसा माझा, झाडं मेली तर माझी मरतील. तुमचं काय जातं?

ते दोरी गुंडाळू लागले.

"मोठ्या पोरीले देल्लं तवा घर पाह्यलं, वावर पाह्यलं, जवाई पाह्यला. विहीर पाहाची राहून गेली."

तिच्या सासरी पाणी दीड मैलावरून डोक्यावर आणतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. सोमवारचा पिपा कुठे जातो, एवढंच कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी मी चारही एकरांत ज्वारी पेरली.