झुंबरचा रस्ता

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी दफेदार बिराजदारांनी वरातीचा रस्ता दोनदा पायी चालून पाहिला. एकदा मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत, एकदा उलटा. हातात वेताची छडी. गटार आलं की छडी बुडवून खोली बघायची, वळण आलं की पावलं मोजायची. मग घरी येऊन मला म्हणाले, "रायटरसाहेब, पिठाच्या चक्कीपाशी डाव्या अंगानं घ्या. उजवीकडं निसरडं हाय."

"दफेदार, मी घोड्यावर असणार. घोड्याला कळेल की."

"त्येला कसं कळंल? त्यानं बघितलंय का? आदी मानसानं चालायचं, मग घोड्याला न्यायचं."

दुसऱ्या दिवशी घोडेवाला आला, तर दफेदार त्याच्यापुढे उभे. "पळवून दाखव."

"लगीन हाय का मिलट्रीची भरती?" घोडेवाला म्हणाला. पण दफेदारांच्या मिशा बघून त्याने घोडा पळवला.

"डावा मागचा. लंगडतोय."

"अवो, नवरदेव बसवायचाय. शर्यत न्हाई लावायची."

"बसवायचा न्हाई."

तर मी लग्नाला चालत गेलो. मुंडावळ्या बांधून, घामाघूम होऊन. माझ्यामागून तो घोडा मखमली झूल घालून निवांत येत होता. बायको अजून कुणालाही सांगते, आमचे हे घोड्यावरून नाही, घोड्यापुढून आले.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सोलापुरातल्या एका गिरणीत मी टाइम ऑफिसात कारकून, दफेदारांच्या फौजी भाषेत रायटर, होतो आणि दफेदार फौजेतून निवृत्त होऊन गेटवर टाइमकीपर म्हणून आले होते. राहायला आमच्याच चाळीत, कोपऱ्याच्या खोलीत, एकटे. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. उशिरा येणाऱ्या कामगाराला ते रागावत नसत. नाव लिहून घेत, संपलं. रागावत ते लवकर येणाऱ्याला. "लवकर पोचल्याला मार्क न्हाईत," असं म्हणून त्याला गेटबाहेर उभं करत. स्वतः भोंग्याच्या आधी पाच मिनिटं गेटपाशी येऊन बाहेरच येरझाऱ्या घालत, आणि भोंगा सुरू झाला की उजवा पाय आत.

हे सगळं कुठून आलं ते मला हळूहळू कळलं. दफेदार म्हणजे फौजेतल्या तीन दिवसांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेतले चँपियन. लागोपाठ तीन वर्षं. वळसंगच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हा मुलगा. भरती होईपर्यंत बैलाच्या पाठीवरसुद्धा बसला नव्हता. पहिल्या दिवशी घोड्याने मैदानात शिस्तीने चालून दाखवायचं. दुसऱ्या दिवशी मैलोन्मैल रान, खंदक, पाणी, आडवे ओंडके, तेही ठरल्या वेळात; उशिराला मार्क कापायचे, लवकर पोचल्याला जादा नाहीत. तिसऱ्या दिवशी रंगीत दांड्यांवरून उड्या. आणि नियम असा, की स्वाराने तो रस्ता आधी पायी चालून पाहायचा, घोड्याला मात्र एकही अडथळा आधी दाखवायचा नाही.

"म्हंजे बगा," दफेदार सांगत, "त्येला काय बी ठावं नसतं. पलीकडं खड्डा हाय का पानी. तुमी म्हनला उडी मार, ते मारतं. तुमी नीट चालला न्हाईसा तर त्येचा पाय मोडतो. तुमचा न्हाई."

त्यांची घोडी झुंबर. पाणी दिसलं की मागे सरायची, लाथा झाडायची, म्हणून साहेब लोकांनी नाकारलेली आणि शेवटी या दफेदाराच्या गळ्यात पडलेली. दफेदार महिनाभर तिला रोज ओढ्याकाठी नेऊन बसले. स्वतः पाण्यात, घोडी काठावर. एके दिवशी ती आपणहून आत आली आणि त्यांची टोपी चावून खाल्ली. पुढे एका स्पर्धेत पाण्यातच पडून दफेदारांच्या खांद्याचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी एक हात गळ्यात बांधून ते पुन्हा बसले आणि जिंकले. त्याबद्दल विचारलं की म्हणत, "मी हुतो कुटं? वर नुसतं गाठोडं हुतं. उड्या तिनं मारल्या."

तिच्याबद्दल वावगं ऐकून घेत नसत. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर प्रत्येक घोडा पळवून बघतात. लंगडला की स्पर्धा संपली. कितीतरी चांगले घोडे तिथे गळतात. झुंबर कधीच नाही. "लोखंडाचं पाय," दफेदार म्हणत, आणि स्वतःच्या पोटरीवर छडी मारून दाखवत.

पण घोडी सरकारची. दफेदार पेन्शनीत आले, झुंबर फौजेच्या उत्तरेकडच्या घोड्यांच्या डेपोत राहिली. कामातून काढलेलं जनावर, सांभाळायची हमी देणाऱ्याला कधीकधी मिळतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यासाठी दर सहा महिन्यांनी मी त्यांच्यातर्फे इंग्रजीत अर्ज लिहायचा. उत्तराचा पत्ता माझ्या ऑफिसचा. उत्तर आलं की मी त्यांच्याबरोबर डेपोत जाऊन तिथल्या साहेबांशी इंग्रजीत बोलायचं, हे ठरलेलं होतं. मीच कबूल केलं होतं.

दफेदारांची तयारी मात्र आधीच झाली होती. माल वाहायला ट्रक आल्यापासून गिरणीतला बैलांचा गोठा ओस पडला होता, तो मॅनेजरना सांगून मिळवला. त्याला चुना लावला, कडबा आणून ठेवला. आणि दर रविवारी सकाळी आम्ही स्टेशनच्या मालधक्क्यापासून गोठ्यापर्यंत झुंबरचा रस्ता चालायचो. इथे हौद आहे, इथे पाणी दाखवायचं. इथे भोंगा फार मोठा ऐकू येतो, म्हणून पाळी सुटायच्या वेळी इथे नको. विणकरांच्या गल्लीत बांबूंवर लाल-हिरवं रंगवलेलं सूत वाळत असे. तिथे ते थबकायचे.

"हे बांबू त्या दिशी काडा बाई. तिला वाटंल तिसरा दिवस हाय. उडी मारंल."

"काढते की," सूत झटकणारी बाई म्हणायची. "कधी येती तुमची घोडी? माझी पोरगी सासरी जाऊन आली दोनदा."

"येती. लवकर येऊन मार्क न्हाईत."

एका पावसाळ्यात उत्तर आलं. झुंबर, वय एकोणीस, कामातून काढली आहे. अर्जदाराने महिन्याभरात स्वतः येऊन घेऊन जावी, अन्यथा नियमाप्रमाणे विल्हेवाट लावली जाईल.

त्याच महिन्यात माझी हेडक्लार्कची परीक्षा होती. पत्र मी खणात ठेवलं. मनाशी म्हटलं, या वयात माणूस घोडं काय सांभाळणार. खरं कारण ते नव्हतं. दफेदारांना सांगितलं असतं तर ते त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन दारात उभे राहिले असते, आणि मला जावं लागलं असतं. परीक्षा झाल्यावर सांगू म्हटलं. परीक्षा झाली, मी पास झालो, तोवर महिना उलटला होता.

ते विचारत, "आलं का हो काय?" मी म्हणे, "नाही अजून." मग ते स्मरणपत्र लिहायला सांगत. मी लिहून त्यांना वाचून दाखवी, ते बोटांनी मिशा सारख्या करत ऐकत, आणि मी ते कागद त्याच खणात टाकी. पुढची दीड वर्षं हे चाललं. दर रविवारी मी त्यांच्याबरोबर तो रस्ताही चाललो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

मग गिरणीला सायकलींसाठी जागा हवी झाली. मॅनेजरनी दफेदारांना बोलावून गोठा रिकामा करायला सांगितलं. मी फायली घेऊन तिथेच उभा होतो. त्या माणसाने हात जोडले. "साहेब, दोन म्हैने. उत्तर यील." मॅनेजर म्हणाले, "दफेदार, तुम्ही दरवेळी हेच सांगता." तरी हात जोडलेलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेलो. दफेदार गव्हाण झाडत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पत्र, परीक्षा, खण. पत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही.

ते गव्हाण झाडत राहिले. मग विचारलं, "वय किती लिवलंय?"

"एकोणीस."

"बराबर हाय." झाडू भिंतीला टेकवून ते उकिडवे बसले. "उजवा पुढचा."

"काय?"

"तिचा उजवा पुढचा पाय. कच्चा हुता पहिल्यापसनं. कुनाला बोललो न्हाई. मालगाडीत चार-पाच दिस उभं ऱ्हायचं म्हंजे... न्हाई जमलं असतं तिला. वाटंतच गेली असती." माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी मनाला लावून घिऊ नका."

लोखंडाचं पाय म्हणणारा हा माणूस. माझ्या वरातीच्या घोड्याचं लंगडणं ज्याने चारचौघांत बोलून दाखवलं, त्याने घोड्याच्या पायाबद्दल कधी खोटं सांगितलं नव्हतं. निदान तोपर्यंत नाही. मला तोंड उघडून म्हणता आलं असतं, की दफेदार, असं नका करू. मी म्हटलं नाही. मला ते खोटं हवं होतं.

ते उठले आणि कोपऱ्यातल्या कडब्याच्या भाऱ्यांपाशी गेले. एक भारा एकट्याने उचलायला लागले. मी दुसऱ्या बाजूने हात लावला. "सावकाश," ते म्हणाले, "उंबऱ्याला पायरी हाय," आणि आम्ही तो बाहेर नेला.