पुलाजवळची पिकअप

मी मलकापूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून आहे आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. (आमच्याकडे 'बेस' म्हणजे छान. लोक म्हणतात, "बेस हाय त वाजवून दाखवा!" वाजवली की पुन्हा म्हणत नाहीत.) यंदा ठरवलं, भजनाला, कव्वालीला, हळदीला, सगळीकडे चालेल अशी गिटार पुण्याच्या कारागिराकडून बनवून घ्यायची. अडलं फक्त पिकअपवर. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारी, साबणाच्या वडीएवढी वस्तू. तारेचा आवाज उचलून ती स्पीकरला देते.

रविवारी अंगणात उभा राहून मी फोनवर ओरडत होतो, "दोन पिकअप पक्क्या! एकीवर भागत नाही, सगळी कामं करायची आहेत!"

ओट्यावर माझे सासरे नारायणराव चहा पीत होते. वडनेर भोलजीला वांगी-मिरची पिकवतात. लग्न झाल्यापासून मला 'तुणतुणेवाले' म्हणतात. त्या दिवशी त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली!

"बसा जवाईबापू. दोन घेऊन राह्यले?"

"हो मामाजी. एक पुलाजवळ, एक मानेजवळ." (गिटारीला पूलही असतो आणि मानही. हे सांगायचं राहून गेलं.)

"पुलाजवळची जागा बेस हाय. पन माने भरोशाचा हाय ना?"

मी ऐकलं, 'मान भरोशाची'. "एकदम भक्कम! सागवानी!"

"अन् आवाज?"

"एकेकटी चालवली तर घरघर करते. पण दोन्ही संगं पुऱ्या सोडल्या की घरघर बंद!"

"अरे वा! कंपनीनं लय सुधारना केली!"

मला गहिवरून आलं. इतक्या वर्षांनी या माणसाला संगीत कळलं! आठवडाभर रोज त्यांचा फोन, "जवाईबापू, कवा येऊन राह्यल्या?" असा मान मला ऑफिसात तर सोडाच, घरातही कधी मिळाला नव्हता. म्हणून पसंतीसाठी मागवलेल्या पिकअप कुरियरने आल्या, तेव्हा पहिला फोन त्यांनाच केला.

दुपारी सगळे हजर! सासूबाई सरस्वतीबाई ओवाळणीचं ताट घेऊन, सासऱ्यांचा पुतण्या गोपाल नवा शर्ट घालून, आणि सासऱ्यांच्या खांद्यावर झेंडूचे दोन हार, प्रत्येक माझ्या उंचीचा.

"कुठी हायत?"

"ह्या काय!" मी तळहात पुढे केला. सासूबाईंनी भाबडेपणाने कुंकू लावलंसुद्धा.

"चाब्या नोका दाखवू, गाड्या दाखवा," सासरे म्हणाले. "गोपाल डायवर म्हनून नोकरी सोडून आला."

"मामाजी, ह्याच पिकअप आहेत. गिटारीच्या."

सगळ्यांनी वाकून माझ्या तळहाताकडे पाहिलं. संपलं, पुन्हा तुणतुणेवाले!

"अन् ज्याच्याजवळ दुसरी गाडी हाय, तो माने?" सासऱ्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"गिटारीची मान, मामाजी."

आधी सासूबाई फिसकन हसल्या. मग माझी बायको अनुपमा. मग सासरे असे हसले, असे हसले, की हारांसकट खालीच बसले. माझाही जीव भांड्यात पडला. डोळे पुसत ते म्हणाले, "पन आता गावात तोंड कसं दाखवू बे? जवाई गाड्या घेऊन राह्यला म्हनून साऱ्या वडनेरले सांगून बसलो!"

शेवटी त्यांनीच एक जुनी पिकअप गाडी घेतली आणि माझी म्हणून मिरवू लागले. गोपालला तिच्यावर ड्रायव्हरची नोकरी मिळाली. माझी गिटारही झकास झाली. आता वांगी उतरली की त्याच गाडीतून आमचा ऑर्केस्ट्रा कार्यक्रमांना जातो.

परवा सोनाळ्याला निघालो होतो. सासरे पुढे, मी मागे वांग्यांच्या रिकाम्या क्यारेटवर, मांडीवर गिटार. वाटेत चहाला थांबलो. एका अनोळखी माणसाने गाडीची चौकशी केली.

"आमच्या जवायाची हाय," सासरे छाती फुगवून म्हणाले. "लय मोठा मानूस!"

"अन् मांगं क्यारेटवर बसला तो कोन?"

सासऱ्यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"तो? किलीनर हाय."